समीकरणाची उजवी बाजू
(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली या गावातल्या कितीतरी मुलामुलींनी रसायनशास्त्राचे पहिले धडे गिरवले. समीकरण लिहिताना आपल्याला हवा तो पदार्थ बाणाच्या उजवीकडे आला की खडू खाली ठेवायची मुलांना घाई असते. सर तेवढ्यावर सोडत नसत. ‘आणि बाकीचं कुठं गेलं?’ एवढंच विचारत. मग पाणी, वायू, क्षार, जे जे उरलं ते सगळं लिहावं लागे आणि दोन्ही बाजूंची बेरीज जुळवून दाखवावी लागे. आज ज्या संशोधनाबद्दल मी बोलणार आहे, त्याकडे सरांचा हाच प्रश्न हातात घेऊन बघावं असं मला वाटतं.

विषय कोलंबीच्या टरफलाचा आहे, आणि त्या टरफलातून उपयोगी, पुन्हा मातीत मिसळून जाणारे पदार्थ काढू पाहणाऱ्या एका तरुण रसायनशास्त्रज्ञाचा आहे. त्याचं नाव निंग यान. पेकिंग विद्यापीठातून २००९ साली पीएच.डी., मग स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं पॉल डायसन यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम, आणि २०१२ पासून सिंगापूरचं राष्ट्रीय विद्यापीठ. तिथं रुजू होऊन तीन वर्षं झाली असतील-नसतील, तेव्हा ऑगस्ट २०१५ मध्ये त्यानं शी चेन या आपल्या सहकाऱ्याबरोबर ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख लिहिला. शोधनिबंध नव्हे, आवाहन म्हणावं असा लेख. खेकडे, कोलंबी, शेवंड यांची जगभर दरवर्षी ६० ते ८० लाख टन टरफलं निघतात, त्यातली १५ लाख टन एकट्या आग्नेय आशियात. ती आपण समुद्रात लोटतो किंवा खड्ड्यात पुरतो. आणि ज्या रसायनांसाठी आपण खनिज तेल जाळत बसलो आहोत, त्यातली काही या टरफलांत तयार पडलेली आहेत, असं त्याचं म्हणणं होतं.

हा विषय किनाऱ्यावरच्या माणसांना नवा वाटायचं कारण नाही. ससून डॉकला पहाटे गेलेल्यांनी कोलंबी सोलणाऱ्या बायका पाहिल्या असतील. १८७५ साली बांधलेली ती गोदी आजही मुंबईच्या मासळीचं एक मोठं दार आहे. उजव्या हातानं डोकं हलकं पिरगळून ओढायचं, अंगठा पायांच्या बाजूनं आत घालायचा, एका झटक्यात साल उतरवायची, पाठीतला काळा दोरा काढायचा आणि मांस बर्फाच्या पाण्यात टाकायचं. नवख्याला एक कोलंबी सोलेपर्यंत त्यांच्या पाच-सहा सोलून होतात. बर्फामुळे बोटांची कातडी पांढरी पडते, सुरकुतते, आणि कोलंबीच्या डोक्यावरचा करवती काटा नेमका त्या ओल्या कातडीत शिरतो. मजुरी सोललेल्या मांसावर मिळते. पायाशी साठत जाणाऱ्या डोक्यांचं आणि सालींचं वजन कुणी करत नाही. खरं तर कोलंबीच्या एकूण वजनात डोकं आणि साल मिळून ४० ते ५० टक्के भरतात, म्हणजे जाळ्यातून किंवा तळ्यातून आलेल्या मालाचा जवळजवळ निम्मा भाग वजनकाट्यावर न चढताच निघून जातो.

आपल्या देशाचा आकडाही लहान नाही. २००९ मध्ये व्हेनामी जातीच्या कोलंबीचं पालन भारतात सुरू झालं आणि चित्रच पालटलं. २०२३-२४ या वर्षात आपण ७ लाख टनांहून अधिक गोठवलेली कोलंबी परदेशी पाठवली. त्यात आंध्र प्रदेशचा वाटा सर्वांत मोठा. पण आपल्या कोकणातही पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाड्यांच्या काठी तळी आहेत आणि प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. पीलिंग शेडच्या, म्हणजे कोलंबी सोलण्याच्या शेडच्या, मागच्या दारानं निघालेलं टरफल कुठं जातं? थोडं वाळवून कोंबड्यांच्या खाद्यात जातं. थोडं माडाच्या आळ्यात जातं, आणि माडाला ते मानवतं. उरलेलं खाडीत, खड्ड्यात, रस्त्याच्या कडेला. काही तासांत त्याला वास सुटतो, कारण डोक्यातले पाचकरस आणि जिवाणू मिळून त्यातली प्रथिनं फोडू लागतात. घाण वाटणारा तो वास नायट्रोजनयुक्त संयुगांचा असतो, आणि यानच्या सगळ्या युक्तिवादाचा पाया हा नायट्रोजनच आहे.

टरफलात मुख्यतः तीन गोष्टी असतात. प्रथिनं २० ते ४० टक्के, कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे आपली चुनखडी २० ते ५० टक्के, आणि कायटिन १५ ते ४० टक्के. चवथी गोष्ट वजनानं नगण्य आहे, पण डोळ्यांना सगळ्यात आधी तीच दिसते: अ‍ॅस्टाझँथिन हा लाल रंग. जिवंत कोलंबीत तो एका प्रथिनाच्या मिठीत असतो म्हणून करडा-निळसर दिसतो. कढईत उष्णता लागली की प्रथिनाची घडी मोडते, रंग सुटा होतो आणि कोलंबी लाल होते. घरातली ही रोजची गोष्ट म्हणजे रसायनशास्त्राचा एक उत्तम धडा आहे आणि शाळेत तो कुणी शिकवत नाही याचं मला वाईट वाटतं.

आता कायटिन. १८११ साली फ्रान्समधल्या नान्सीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख आंरी ब्राकोनो यांना ते प्रथम सापडलं, आणि तेही अळंबीत. बारा वर्षांनी ओगुस्त ओदिए यांना ते भुंग्याच्या कठीण पंखांत मिळालं. कागद आणि कापूस ज्याचे बनतात ते सेल्युलोज आपल्याला माहीत आहे: ग्लुकोजचे हजारो मणी एका साखळीत ओवलेले. कायटिनची साखळी थेट तशीच आहे, फरक प्रत्येक मण्यावरच्या एका जागेचा. सेल्युलोजमध्ये जिथं ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते, तिथं कायटिनमध्ये नायट्रोजन धरलेला एक गट असतो. वजनाच्या हिशेबात कायटिनमध्ये सुमारे ७ टक्के नायट्रोजन आहे.

ही साखळी तोडून तिचा मणी सुटा करण्याचं पहिलं काम एका विशीतल्या मुलानं केलं होतं. गेओर्ग लेडरहोझे हे त्याचं नाव. १८७६ साली गोटिंगेनमध्ये, फ्रीडरिख व्होलर या आपल्या नात्यातल्या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत, त्यानं शेवंडीचं टरफल तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उकळलं आणि त्याला चमकदार स्फटिक मिळाले. ते ग्लुकोसामीन. गुडघे दुखतात म्हणून आपल्यातले काहीजण औषधाच्या दुकानातून जी गोळी आणतात, तिच्या पाकिटावर हे नाव वाचायला मिळेल, आणि बारीक अक्षरात शेलफिशचा उल्लेखही. म्हणजे टरफलाचं रसायनशास्त्र आज जन्मलेलं नाही. दीडशे वर्षांपूर्वी ते दार उघडलं होतं. मग मधल्या काळात जग त्या दारानं आत का गेलं नाही?

उत्तर असं की दुसरं दार जास्त रुंद निघालं. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनचा हायड्रोजनशी संयोग घडवून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथं त्याचा कारखाना सुरू झाला. त्या अमोनियानं जगाला खत दिलं. आपल्या हरितक्रांतीच्या मुळाशी तो आहे, आणि त्याबद्दल कृतज्ञच राहायला हवं. पण हवेतला नायट्रोजन हा अत्यंत घट्ट बांधलेला रेणू आहे. तो फोडायला जगातल्या एकूण ऊर्जेपैकी एक ते दोन टक्के ऊर्जा खर्ची पडते, आणि त्यासाठी लागणारा हायड्रोजन बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूतून येतो. नायट्रोजन असलेली शेकडो रसायनं मग या अमोनियापासून होतात. इथेनॉलअमाइनचं उदाहरण घ्या. साबणात, औषधांत, धुरातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्याच्या संयंत्रांत ते लागतं. खनिज तेलातून इथिलीन काढायचं, त्याचं इथिलीन ऑक्साइड करायचं आणि त्यात अमोनिया घालायचा. तेलात नायट्रोजन जवळपास नाहीच, म्हणून तो एवढ्या खटपटीनं बाहेरून आणून चिकटवायचा.

अलिबागजवळ थळला जाऊन पाहा. तिथं खतकारखान्यात नैसर्गिक वायू आणि हवा यांपासून अमोनिया आणि युरिया तयार होतो. त्याच किनाऱ्यावर कोळीवाड्यात मासळी सुकते, कोलंबी सोलली जाते. एकीकडे आकाशातून नायट्रोजन उतरवण्यासाठी वायू खर्ची पडतो, आणि दुसरीकडे जीवसृष्टीनं बांधून ठेवलेला नायट्रोजन टोपलीत भरून टाकून दिला जातो. यान नेमकं इथं बोट ठेवतो. टरफलातल्या नायट्रोजननं जगाचं खत भागणार नाही, ते त्याचं म्हणणंही नाही. पण बारीक, महागडी, नायट्रोजनयुक्त रसायनं आणि निसर्गात विरणारी द्रव्यं यांसाठी तेलापेक्षा टरफल हा जवळचा रस्ता आहे, असं तो म्हणतो. मला हे म्हणणं पटतं.

पण कायटिनचं दुखणं असं की ते नेहमीच्या कोणत्याच द्रवात विरघळत नाही. पाणी, अल्कोहोल, सौम्य आम्ल, काही चालत नाही. म्हणून त्याचं आधी कायटोसान करतात. १८५९ साली शार्ल रुजे यांनी कायटिन अल्कलीत उकळून हे प्रथम साधलं. प्रत्येक मण्यावरच्या नायट्रोजनला जो अ‍ॅसिटिल गट चिकटलेला असतो तो काढून टाकला की नायट्रोजन मोकळा होतो, आणि सौम्य आम्लात त्याच्यावर धन विद्युतभार येतो. एवढ्या एका बदलानं कायटोसान व्हिनेगरसारख्या साध्या आम्लात विरघळतं, त्याचा पातळ पापुद्रा ओतता येतो, धागा ओढता येतो. रक्तातल्या तांबड्या पेशींवर ऋण भार असतो, त्या कायटोसानकडे ओढल्या जातात आणि रक्त थांबतं. अमेरिकेत २००२ मध्ये अशा पट्टीला मान्यता मिळाली आणि पुढं ती युद्धभूमीवर वापरली गेली. गढूळ पाण्यातले कणही बहुतेक ऋण भाराचेच, म्हणून कायटोसाननं पाणी निवळतं. हार्वर्डमध्ये हाविएर फर्नांडिस आणि डोनाल्ड इंगबर यांनी २०१२ च्या सुमारास कायटोसान आणि रेशमाच्या प्रथिनापासून एक पातळ पण चिवट द्रव्य बनवलं, आणि २०१४ मध्ये कायटोसानच्याच प्लास्टिकपासून साच्यात ओतून वस्तू केल्या. ते प्लास्टिक मातीत मिसळून त्यांनी त्यात चवळी लावली. तीन आठवड्यांत वेल चांगली वाढली. पेला फेकला आणि त्यावर चवळी आली, ही बातमी जगभर गेली आणि जायलाच हवी होती.

मात्र इथंच थांबून सरांचा प्रश्न विचारायचा आहे. बाकीचं कुठं गेलं?

टरफलातून कायटिन वेगळं काढण्याची रूढ पद्धत अशी. आधी हायड्रोक्लोरिक आम्लात टरफल भिजवायचं. चुनखडी फसफसून निघून जाते. मग कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तापवायचं, प्रथिनं निघतात. मग रंग घालवायला आणखी एखादं रसायन. राहिलं ते कायटिन. त्याचं कायटोसान करायचं तर ४०-५० टक्के तीव्रतेच्या कॉस्टिकमध्ये पुन्हा उकळायचं. प्रत्येक टप्प्यानंतर आम्ल किंवा अल्कली पूर्ण जाईपर्यंत धूत राहायचं.

हिशेब मांडून बघू. एक टन सुकं टरफल घेतलं आणि त्यात चुनखडी ४०० किलो आहे असं धरलं. समीकरण शाळेतलंच आहे: १०० भाग चुनखडीला ७३ भाग हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, आणि त्यातून १११ भाग कॅल्शियम क्लोराइड, ४४ भाग कार्बन डायऑक्साइड आणि १८ भाग पाणी निघतं. म्हणजे ४०० किलोंसाठी २९२ किलो शुद्ध आम्ल. बाजारात मिळणारं आम्ल सुमारे ३० टक्क्यांचं धरलं तर टनभर टरफलाला जवळजवळ टनभर आम्ल. उजव्या बाजूला ४४४ किलो कॅल्शियम क्लोराइड सांडपाण्यात आणि १७६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत. हा फक्त पहिल्या टाकीचा हिशेब झाला. दुसऱ्या टाकीतली प्रथिनं, जी कोंबडीच्या किंवा माशाच्या खाद्यात जाऊ शकली असती, ती कॉस्टिकमध्ये शिजून गटारात जातात. लाल रंग, ज्याला मत्स्यखाद्याच्या व्यापारात चांगला भाव आहे, तोही त्यांच्याबरोबर जातो. आणि पाणी? यान आणि चेन यांच्या लेखातला आकडा असा की कोलंबीच्या टरफलातून एक किलो कायटोसान करायला एक टनाहून अधिक पाणी लागतं. आपल्या घरांच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते, ती पूर्ण रिकामी करून एक किलो.

चवळीच्या वेलीच्या छायाचित्रात ही टाकी दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते सांगायलाच मी आज उभा राहिलो आहे: टरफलापासून केली म्हणून कोणतीही वस्तू पर्यावरणस्नेही ठरत नाही. टरफल धुवायला काय लागलं आणि ते धुवण कुठं गेलं, यावर ते ठरतं. ज्या जिल्ह्यात मार्च महिन्यापासून टँकरची वाट पाहावी लागते, तिथं हा प्रश्न पुस्तकी नाही.

निंग यानबद्दल मला आदर वाटतो तो त्यानं केलेल्या एखाद्या चमत्कारिक पदार्थासाठी नव्हे. त्यानं या पहिल्या, घाणेरड्या, कुणालाही हात घालावासा न वाटणाऱ्या टप्प्याला हात घातला म्हणून वाटतो. टरफल म्हणजे कायटिन अधिक कचरा असं न धरता तिन्ही घटक शाबूत वेगळे काढायचे, प्रथिनं खाद्याला, चुनखडी उद्योगाला, कायटिन रसायनांना, अशी कल्पना त्यानं मांडली. तेलशुद्धीकरण कारखान्यात कच्च्या तेलाचा थेंब वाया जात नाही, पेट्रोलपासून डांबरापर्यंत सगळं विकलं जातं. टरफलांचाही तसा शुद्धीकरण कारखाना हवा, असं तो लिहितो.

२०१९ मध्ये त्याच्या गटानं यासाठी जी पद्धत प्रसिद्ध केली ती मला विलक्षण सुंदर वाटते, कारण तिचं बीज आठवीच्या प्रयोगवहीत आहे. चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकलं की ती दुधाळ होते, हे सगळ्यांना आठवत असेल. पण सर तिथं थांबू देत नसत. आणखी फुंकत राहा म्हणत. गाल दुखेपर्यंत फुंकलं की दुधाळपणा कमी होत होत निवळी पुन्हा स्वच्छ होते. कारण जादा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी मिळून न विरघळणाऱ्या चुनखडीचं विरघळणाऱ्या बायकार्बोनेटमध्ये रूपांतर करतात. चुनखडीच्या डोंगरांत गुहा तयार होतात त्या याच रीतीनं. सिंगापूरच्या मंडळींनी टरफल आधी बंद पात्रात कढत पाण्यानं शिजवलं, त्यात प्रथिनं निघाली. मग दाबाखाली कार्बन डायऑक्साइड विरघळवलेल्या पाण्यानं चुनखडी काढली. हायड्रोक्लोरिक आम्ल नाही, कॉस्टिक नाही. या द्रावणावरचा दाब कमी केला, ते तापवलं, की चुनखडी पुन्हा खाली बसते आणि वायू परत वापरता येतो. उजव्या बाजूला जे उरतं ते पुन्हा डावीकडे नेता येतं.

यात कसर नाही असं नाही. कढत पाण्याला इंधन लागतं, दाब पेलणारी पात्रं महाग असतात, आणि आम्लाचा ड्रम आजही स्वस्त आहे. प्रयोगशाळेतल्या पात्रात जे साधतं ते कारखान्याच्या टाकीत साधेपर्यंत बरंच पाणी पुलाखालून जावं लागतं. पण दिशा बरोबर आहे.

पुढच्या टप्प्यातलं त्याचं कामही असंच पायरीपायरीचं आहे. २०१४ मध्ये त्यानं कायटिनपासून थेट फ्युरान वर्गातलं एक नायट्रोजनयुक्त संयुग बनवून दाखवलं, पण त्याचं उत्पादन १० टक्क्यांच्याही खाली होतं. कायटिन विरघळत नाही, तर ते कोरडंच गोळ्यांच्या गिरणीत दळून साखळ्या तोडायचा मार्ग त्यानं शोधला. २०२० मध्ये कांग झोऊ यांच्यासह या गटानं टरफलावर विकरं आणि बदल केलेले जिवाणू यांची साखळी लावून टायरोसिन आणि एल-डोपा ही द्रव्यं मिळवली. एल-डोपा म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांचं मुख्य औषध. मिळालेलं प्रमाण लिटरला एका ग्रॅमच्या आत होतं. कुणी म्हणेल, एवढ्याचं काय करायचं? मला वाटतं, कोलंबीची साल ते मेंदूचं औषध हा रस्ता एकदा तरी सबंध चालून झाला, याची किंमत त्या ग्रॅममध्ये मोजता येणार नाही.

सगळ्यांनाच टरफलाची वाट मानवली असंही नाही. लंडनमध्ये चार तरुणांनी शेवंडीच्या टरफलांपासून वेष्टनं करण्याचा ‘शेलवर्क्स’ हा उपक्रम सुरू केला होता. पुढं ते टरफल सोडून जिवाणूंकडून तयार करून घेतलेल्या प्लास्टिककडे वळले. ज्यांना आपल्याकडे असं काही करायचं आहे त्यांनी हे उदाहरण नीट अभ्यासावं. कच्चा माल फुकट आहे म्हणून धंदा चालतो असं होत नाही. सुक्या कोलंबीच्या टरफलाला यानच्या लेखाच्या काळात टनाला १०० ते १२० डॉलर मिळत होते. ते गोळा करणं, सुकवणं, टिकवणं यांचाच खर्च मोठा.

आता आपल्याकडचं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं कायटिन-कायटोसानचं तंत्र फार पूर्वी बसवलं आणि उद्योगांना दिलं. देशात कायटोसान बनतं, परदेशी जातं. तेव्हा कोकणात हे कुणी पहिल्यांदा करणार आहे असा भ्रम नको. करायला हवं ते वेगळं आहे, आणि त्यातली निम्मी अडचण रसायनशास्त्राची नाहीच.

पहिली अडचण वेळेची. टरफल काही तासांत सडायला लागतं. कारखाना तालुक्याच्या गावी आणि टरफल वीस ठिकाणी विखुरलेलं, तर ट्रक पोहोचेपर्यंत प्रथिनं गेलेली असतात. टरफल जिथं निघतं तिथंच, त्याच सकाळी सुकायला पडलं पाहिजे. हे काम कुणाला येतं? सोडे, जवळा, सुकट वर्षानुवर्षं वाळवणाऱ्या बायकांना येतं. कोणत्या वाऱ्याला माल खडखडीत होतो, कोणत्या दिवशी उन्हात टाकूनही तो आतून ओला राहतो, किती जाड थर पसरायचा, हे त्यांच्या हाताला माहीत आहे. कोणत्याही अहवालात मला याची नोंद दिसली नाही. प्रयोगशाळेत टरफल ओव्हनमध्ये वाळवतात. खळ्यावरच्या उन्हात वाळलेल्या टरफलातलं कायटिन तितकंच चांगलं राहतं का, त्यातला लाल रंग उन्हानं किती उतरतो, हे आपल्या महाविद्यालयांत तपासण्यासारखं आहे. त्याला फार मोठी यंत्रं लागत नाहीत. वजनकाटा, भट्टी, सौम्य आम्ल, आणि चिकाटी.

दुसरी अडचण मोसमाची. जून-जुलैत मासेमारी बंद. तळ्यातली कोलंबीही वर्षभर सारख्या प्रमाणात निघत नाही. दाबाची पात्रं बसवून कारखाना उभारायचा तर तो बारा महिने चालला पाहिजे, आणि पावसाळ्यात ऊन नसताना सुकवायचं कसं हा प्रश्न सोड्यांनाही सुटलेला नाही.

तिसरी अडचण पैशाची, म्हणजे पैसा कुणाला मिळणार याची. उद्या टरफलाला भाव आला तर तो पीलिंग शेडच्या मालकाच्या वहीत जमा होईल की सोलणाऱ्या बाईच्या मजुरीत? आज टरफल कुणाचंच नाही म्हणून त्यावर कुणी हक्क सांगत नाही. भाव येण्याआधीच हे ठरलं तर ठरेल. एकदा ट्रक लागायला लागले की कुणी ऐकून घेणार नाही. सोललेल्या मांसाबरोबर सुकवून दिलेल्या टरफलाचंही वजन व्हावं आणि त्याची मजुरी वेगळी लिहिली जावी, एवढी साधी मागणी सहकारी संस्थांनी आत्ताच पुढं करावी.

चवथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुणी उद्योजक इथं येऊन सांगेल की आम्ही कोलंबीच्या कचऱ्यापासून विरघळणारं प्लास्टिक करणार आहोत, स्थानिकांना रोजगार देणार आहोत. त्याचं स्वागत करावं. पण जनसुनावणीच्या दिवशी त्याला चार प्रश्न विचारावेत: टनामागे आम्ल किती, कॉस्टिक किती, पाणी किती, आणि कॅल्शियम क्लोराइडचं पाणी ईटीपीतून, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया संयंत्रातून, निघाल्यावर कुठं सोडणार. क्षार ईटीपीत नाहीसे होत नाहीत, ते फक्त पातळ होतात. त्याच खाडीतून कोलंबीचं बीज वर येतं, त्याच खाडीचं पाणी तळ्यांत घेतलं जातं. उत्तरं लेखी मिळाली आणि पटली तर पुढचं बोलावं.

इथं रसायनशास्त्राचे विद्यार्थी बसले आहेत, त्यांच्याशी शेवटचे दोन शब्द बोलतो. यंदाच्या प्रकल्पासाठी टरफल घ्यायचं असेल तर बाजारातून विकत आणू नका. सकाळी सहाला जेटीवर जा, सोलणाऱ्या मावशींना विचारून एकाच जातीचं, एकाच दिवसाचं टरफल घ्या आणि नोंद करा. निम्मं खळ्यावर वाळवा, निम्मं भट्टीत. दोन्हींतून कायटिन काढा. वहीत मिळालेल्या कायटिनच्या वजनाशेजारी धुवायला लागलेल्या पाण्याचे लिटर लिहा, प्रत्येक धुण्याचे वेगळे. दोनदा धुऊन भागतं की सात वेळा धुवावं लागतं, हे या किनाऱ्यावरच्या टरफलासाठी मोजून ठेवलं, तर पुढं कारखाना काढू पाहणाऱ्याला आणि त्याला प्रश्न विचारणाऱ्या गावाला, दोघांनाही तो आकडा लागणार आहे. डिसेंबर-जानेवारीत ऊन कोरडं असतं आणि कोलंबीही भरपूर येते. तेव्हा सुरू करा.